भिडे वाडा कसा गेला: सतरा पावसाळ्यांचा हिशेब

पुण्यात शिवाजी रस्त्यावर, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, भिडे वाडा उभा होता. बुधवार पेठेतल्या या वाड्यात तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली आणि १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने पोलीस बंदोबस्तात ताबा घेऊन वाडा रातोरात पाडला. यंत्रांना एक रात्र पुरली, कारण बरंचसं काम पावसाने आधीच उरकून ठेवलं होतं.

त्यानंतर बोलणं झालं ते स्मारक कसं असावं यावर आणि उशीर कुणामुळे झाला यावर. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण वाडा नेमका कुजला कसा, हे विचारणारे फार थोडे. मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुण्यात, वाईत, साताऱ्यात, नाशकात शाळा, पाठशाळा, वाचनालयं भरलेले अनेक वाडे आज त्याच वाटेवर आहेत आणि त्यांच्या बाबतीत अजून काहीतरी करता येण्यासारखं आहे.

आधी तारखा. राष्ट्रीय स्मारकाचा ठराव महापालिकेने केला २००६ साली. भूसंपादनाविरुद्ध भाडेकरू न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो कायम ठेवला आणि डिसेंबरात पाडकाम झालं. भाडेकरूंना मी दोष देणार नाही. भर बाजारपेठेत ज्याचा गाळा आहे तो सहजासहजी उठणार नाही आणि कोर्टात जाणं हा त्याचा हक्क आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. ठराव झाला त्या दिवसापासून ताबा मिळाला त्या दिवसापर्यंत सतरा वर्षं गेली, म्हणजे किमान सतरा पावसाळे. या काळात छप्पर कोरडं ठेवायची जबाबदारी कायद्याने, ठरावाने किंवा व्यवहाराने नेमकी कुणाची होती? मालकाला वास्तू जाणार हे दिसत होतं, म्हणून तो पैसे घालणार नाही. भाडेकरूला उद्या उठावं लागेल ही भीती, म्हणून तो घालणार नाही. महापालिकेकडे ताबा नाही, म्हणून तिला तिथे खर्च दाखवता येत नाही. तिघांचंही वागणं आपापल्या जागी समजण्यासारखं, आणि पाऊस मात्र दर जूनला वेळेवर.

पाण्याचा हिशेब करून बघा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तीनशे चौरस मीटरचं छप्पर धरलं तर वर्षाला दोन लाख दहा हजार लिटर पाणी त्यावरून वाहतं. त्यातलं पाच टक्के जरी फुटक्या कौलांतून आणि तुंबलेल्या पन्हळीतून आत उतरलं, तरी ते साडेदहा हजार लिटर होतं. दर पावसाळ्यात एक मोठा टँकर वाड्याच्या लाकडात आणि मातीत रिकामा करण्यासारखं आहे हे.

आता हे पाणी कुठे जातं ते सांगतो. पेठेतला वाडा उभा असतो तो सागवानी चौकटीवर. खाली दगडी जोतं, त्यावर खांबाचे तळखडे (दगडी बैठका), तळखड्यावर खांब, खांबावर हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई (मुख्य आडवं लाकूड), तुळईवर कड्या (त्याहून बारीक आडवी लाकडं), कड्यांवर किलचण (जवळजवळ रचलेल्या लाकडी पट्ट्या) किंवा फळ्या आणि त्यावर चार ते सहा इंच मातीचा थर. दोन खांबांमधला खण साधारण पाच फुटांचा. भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. खरा भार चौकट घेते, भिंत तिला बाजूने धरून ठेवते. म्हणून वाड्यात भिंत फुगली की माणसं घाबरतात, पण घाबरायचं ते खांबाचा तळ आणि तुळईचं टोक बघून.

पहिलं कुजतं ते भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक. भिंतीच्या माथ्यावर पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरतं आणि टोकाला चहूबाजूंनी ओल धरते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी कामाला लागते. सागाचा गाभा टणक, तेलकट, दोनशे वर्षं टिकणारा. तोही सतत ओला राहिला तर हळूहळू मऊ पडतोच. बाहेरून काहीच दिसत नाही, कारण तुळईचा उघडा भाग ठणठणीत असतो. टोकाजवळ अणकुचीदार टोच्या दाबून बघायचा. पाच मिलिमीटरपेक्षा सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. हातोडीने वाजवलं तर निरोगी लाकडाचा खणखणीत आवाज येतो, कुजलेल्याचा भद्द. ही तपासणी करायला एका माणसाला एका वाड्यासाठी एक-दोन दिवस लागतात, आणि खर्च त्या माणसाच्या मजुरीइतकाच.

दुसरं संकट वजनाचं. पाच बाय दहा फुटांच्या भागावर पाच इंच कोरडी माती असेल तर तिचं वजन नऊशे किलोच्या आसपास भरतं. तीच माती पाण्याने भिजली की त्यात दोन-सव्वादोनशे किलोंची भर पडते. म्हणजे टोक मऊ पडलेल्या तुळईवर नेमका पावसाळ्यात जास्तीत जास्त भार येतो. जुने वाडे जुलै-ऑगस्टमध्ये पडतात, याचं कारण इथे आहे. लोक म्हणतात, ‘एवढी वर्षं उभा होता आणि अचानक कोसळला.’ अचानक काही होत नाही. आधी जमिनीला झोल येतो, मग दाराची चौकट तिरकी होऊन दार अडकू लागतं, मग भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे फट पडते. या तीन खुणा दिसायला लागल्यावर कधीकधी दोन-तीन वर्षंही मिळतात.

तिसरी गोष्ट सिमेंटची, आणि तिच्याबद्दल मला फार तीव्रतेने बोलावंसं वाटतं. जमिनीतली ओल मातीच्या किंवा विटेच्या भिंतीत तीन-चार फुटांपर्यंत चढतेच. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, पोपडे निघतात, दिवाळीआधी खरवडून पुन्हा चुना मारला की काम भागतं. त्या पोपड्यांना कंटाळून कुणीतरी खालचे चार फूट सिमेंटने पक्के करून घेतं. आता ओलीला बाहेरची वाट बंद. ती आणखी वर चढते आणि सिमेंटच्या वरच्या कडेला, म्हणजे पाच-सहा फुटांवर बाहेर पडते. आतल्या विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत बुजवलेला खांब कायम ओल्या कपड्यात गुंडाळल्यासारखा राहतो. त्यात वाळवी येते. सिमेंटच्या आत काय चाललंय हे बाहेरून कळत नाही, आणि कळतं तेव्हा खांबाचा तळ हाताने उकरता येतो. शाळा असलेल्या वाड्यांत हे जास्त होतं, कारण सरकारी दुरुस्तीच्या दरपत्रकात सिमेंटचा गिलावा सरावाचा आणि चुन्याचं काम करणारा ठेकेदार शोधायला कुणाला वेळ नसतो. निविदा निघते, मार्चअखेर बिल निघतं आणि वास्तूचं आयुष्य कमी होतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शाळा हा वाड्याचा सगळ्यात सौम्य वापर आहे. एकोणिसाव्या शतकात शाळेसाठी वेगळी इमारत बांधायची ऐपत फार थोड्यांची होती. फुल्यांनी ३ जुलै १८५१ रोजी मुलींची शाळा काढली तीही बुधवार पेठेतच, अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. वाड्याची रचनाच वर्गाला साजेशी असते. तीन खण बाय चार खण म्हणजे पंधरा बाय वीस फुटांची जागा, खाली बसलेली पंचवीस-तीस मुलं आरामात मावतात. सोप्याला, म्हणजे चौकाकडच्या उघड्या ओसरीला, चौकातून उजेड मिळतो, माजघर अंधारं म्हणून तिथे सामान. भिंत पाडावी लागत नाही, पाण्याचा वापर चौकापुरता. रोज खिडक्या उघडल्या जातात, वारा खेळतो, लाकूड कोरडं राहतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कौलं चाळली जातात, चुना मारला जातो. शाळा गेली आणि खोल्यांना कुलुपं लागली की सगळ्यात आधी हे रोजचं वारं जातं.

त्यानंतर येतात गाळे. रस्त्यावरच्या वाड्याच्या पुढच्या अंगाची भिंत काढून शटर बसवतात. खांबांमधल्या भिंती चौकटीला आडव्या धक्क्यात सांभाळत होत्या, त्या गेल्या. वर पोटमाळा घालून माल रचतात. जिथे उंची कमी पडते तिथे तुळईचा खालचा भाग तासतात किंवा हस्त कापतात. दुकानाच्या पाटीसाठी, एसीसाठी, केबलसाठी लाकडात भोकं पडतात. प्रत्येक दुकानदार आपल्या दहा फुटांपुरता विचार करतो आणि वरचं छप्पर सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. पेठांमधल्या रस्त्यालगतच्या बहुतेक वाड्यांची कहाणी हीच आहे. भिडे वाड्याचे शेवटच्या वर्षांतले फोटो काढून बघा: खाली शटर आणि पाट्या, वर मोडकळीला आलेली माडी.

यामागे भाड्याचा कायदा आहे, आणि त्याचं गणित मांडल्याशिवाय मालकावर ओरडण्यात अर्थ नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाण धरलं. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळातलं भाडंच इतकं कमी की त्या वाढीने फरक पडत नाही. दुरुस्तीची जबाबदारी कायदा मालकावर टाकतो. त्याने नाही केली तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता महिना शंभर रुपये भाडं धरा. वर्षाचे बाराशे, त्यातले वळते करता येतील तीनशे. तीनशे रुपयांत आज पन्हळीचा एक तुकडासुद्धा येत नाही. कायद्यात डागडुजीची सोय आहे, पैशाची नाही. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी भाड्याबाहेरचा वेगळा निधी असल्याशिवाय हे कोडं सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता याच्या शेजारी विश्रामबाग वाडा ठेवून बघू. पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला, दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब त्याची ओळख. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे तिचंच पुणे कॉलेज झालं. नोव्हेंबर १८५२ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या कामाबद्दल जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला तो याच वाड्यात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते. म्हणजे ज्या कामाची सुरुवात भिडे वाड्यात झाली त्याचा गौरव विश्रामबागेत. मे १८७९ मध्ये पुण्यात आगी लागल्या. बुधवार वाडा पूर्ण जळाला, विश्रामबाग वाड्याचाही काही भाग गेला. पण विश्रामबाग पुन्हा उभा केला गेला, नंतर कित्येक वर्षं नगरपालिकेची कचेरी तिथे होती, आणि आजही तो उभा आहे.

विश्रामबागेचीही हेळसांड झालीच आहे. गळती, लोंबकळणाऱ्या वायरी, आत घातलेली विजोड बांधकामं हे सगळं तिथेही होतं आणि अलीकडच्या काळात टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत आलं. तरी एक फरक कायम राहिला: तो एकाच संस्थेच्या ताब्यात होता. छप्पर गळलं तर कुणाच्या टेबलावर अर्ज द्यायचा हे ठरलेलं होतं. अर्जावर कार्यवाही उशिरा होत असेल, वाईट होत असेल, पण अर्ज घेणारं कुणीतरी होतं. भिडे वाड्याला पेशव्यांचा शिक्का नव्हता, कोरीव सुरूचे खांब नव्हते, तो एक साधा वाडा. पण त्याच्या जाण्याचं मूळ साधेपणात नाही, ताब्याच्या तुकड्यांत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: स्मारकाचा किंवा संपादनाचा ठराव जेव्हा होईल, तेव्हाच त्याच ठरावात तात्पुरत्या रक्षणाचं कलम हवं आणि त्यासाठी रक्कम राखून ठेवलेली हवी. धोकादायक इमारतीची नोटीस देऊन दुरुस्ती करवून घ्यायचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आहेच. प्रत्यक्षात ही नोटीस बहुतेक वेळा रिकामं करवून घ्यायला आणि पाडायला वापरली जाते. कलमात दुरुस्तीचा मार्गही आहे, तो आधी वापरा. आणि खटला चालू असला तरी ‘मालकी कुणाची हे ठरेपर्यंत वास्तू आहे तशी टिकवावी, छप्पर झाकू द्यावं’ असा अर्ज न्यायालयात करता येतो. ‘जैसे थे’ आदेशाचा अर्थ आपल्याकडे ‘हात लावू नका’ असा घेतला जातो. पाऊस तो आदेश वाचत नाही. जैसे थे ठेवायचं असेल तर हात लावावाच लागतो.

तात्पुरतं रक्षण म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, कारण यात फार मोठा खर्च आहे असा समज आहे.

सगळ्यात आधी पाणी बाहेर काढायचं. एप्रिलमध्ये पन्हळी आणि उतरते नळ साफ करायचे, भिंतीतून उगवलेले पिंपळ मुळासकट काढायचे. पिंपळ नुसता छाटला की पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटतो, म्हणून मूळ उकरून ती फट चुन्याने बुजवायची. मंगलोरी कौलं चौरस मीटरला चौदा-पंधरा लागतात. फुटलेली बदलायला दोन-तीनशे जुनी कौलं पाडकामाच्या बाजारातून मिळतात. जिथे वासेच मोडलेत तिथे कौलांचा हट्ट सोडावा आणि पाइपांच्या चौकटीवर पत्र्याचं वेगळं छत वाड्याच्या वर उभं करावं. नुसती ताडपत्री टाकणं हा शेवटचा पर्याय. ती उन्हाने एका वर्षात फाटते, खाली हवा कोंडते आणि लाकूड वाळतच नाही.

मग टेकू. इथे चुका फार होतात. टेकू थेट फरशीवर लावला की तो फरशी फोडून खचतो. खाली जाड फळी हवी, वर तुळईखालीही फळी हवी. माडीवर टेकू लावला तर बरोबर त्याच्याच खाली तळमजल्यावर दुसरा हवा, नाहीतर भार मधल्या कड्यांवर येऊन त्या मोडतात. झोल आलेली तुळई एका दिवसात जॅकने सरळ करायला जाऊ नये. दीडशे वर्षांत वाकलेलं लाकूड झटक्याने उचललं की तडकतं आणि वरच्या भिंतीला नवी भेग पडते. आहे तिथे पेलून धरणं पुरेसं आहे.

खांबाचा तळ गेला असेल तर सगळा खांब बदलायची गरज नसते. भार टेकूंवर घेऊन कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान अडीच ते तीनपट. सहा इंची खांबाला पंधरा ते अठरा इंच. ओलं नवं लाकूड वापरलं तर ते वाळताना आक्रसतं आणि सांधा उघडतो. हे काम जाणणारे सुतार आज थोडे उरलेत, आणि त्यांची मजुरी दरपत्रकात बसत नाही म्हणून ते सरकारी कामावर दिसत नाहीत. दरपत्रक बदलणं हे मंत्रालयातलं टेबलावरचं काम आहे, त्याला कुठल्याही कोर्टाचा अडथळा नाही.

या सगळ्यासोबत मोजणी आणि फोटो. प्रत्येक मजल्याचा मापासकट नकाशा, प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक, प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो. समजा वाडा वाचलाच नाही, तरी क्रमांक घातलेलं लाकूड सोडवून ठेवता येतं आणि कुठला भाग कुठे होता हे पुढच्या पिढीला कळतं. हे काम पाडायच्या आदल्या दिवशी होत नाही. ते ठरावाच्या वर्षी करायचं असतं.

भिडे वाड्याच्या जागेवरच्या स्मारकाचं भूमिपूजन २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झालं. तिथे जे उभं राहील ते नवं बांधकाम असेल. त्यात जुन्या वाड्याची नक्कल काँक्रीटमध्ये ओतून वर लाकडी रंग देऊ नये, एवढी माझी कळकळीची मागणी आहे. त्याऐवजी जमिनीवर मूळ खांबांच्या जागा दगडात दाखवा, खणांची मापं उमटवा, म्हणजे तिथे उभ्या राहिलेल्या मुलीला कळेल की पहिला वर्ग किती लहान जागेत भरला होता. पाडताना मिळालेले तळखडे, हस्त, तुळया यांची यादी क्रमांकासह जाहीर करा आणि त्यातलं जे टिकेल ते स्मारकात लावा. पाडण्याआधीचे नकाशे आणि फोटो महापालिकेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतील असे ठेवा. आणि शहराच्या वारसा यादीतल्या ज्या वाड्यांवर आज खटले चालू आहेत, त्यातल्या प्रत्येकाच्या छपराची तपासणी पुढच्या मे महिन्याच्या आत करून तिचा अहवाल वॉर्डनिहाय लावा.